आई येईपर्यंत

होळी उलटली की दवाखान्यात खोके यायला लागतात. बुटांचे, मिठाईचे, मे महिन्यात आंब्याची पेटी. झाकणाला पेनाने पाडलेली भोकं, आत जुना टॉवेल नाहीतर वर्तमानपत्र आणि त्यावर तळहातावर मावतील अशी तीन-चार पिल्लं. आणणारा माणूस धापा टाकत आलेला असतो. शाळेतली मुलं असतात, ऑफिसला निघालेली एखादी मुलगी असते, कधी इमारतीचे वॉचमनकाका. सगळ्यांचं म्हणणं जवळपास एकच: "ताई, आई टाकून गेली हो यांना."

परळमधल्या एका छोट्या खासगी पशुवैद्यकीय दवाखान्यात मी मदतनीस आहे. केसपेपर काढणं, पट्ट्या बदलणं, सुया-सलाईन हाताशी ठेवणं, ऑपरेशननंतर जनावर शुद्धीवर येईपर्यंत त्याच्याजवळ बसणं ही माझी कामं. मार्चपासून पावसाळा सरेपर्यंत मात्र बराच वेळ खोक्यासमोर उभं राहून चौकशी करण्यात जातो. कुठून उचलली? तिथे किती वेळ थांबला होतात? आई दिसली होती का?

बहुतेकांचं उत्तर असतं, पाच-दहा मिनिटं.

पाच-दहा मिनिटांत मांजरी परत येत नाही. पाजणाऱ्या मांजरीला एरवीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागतं. ते मिळवायला तिला मासळी बाजारात, खानावळीच्या मागच्या बोळात, कचऱ्याच्या पेटीपाशी जावंच लागतं. दोन-तीन तास लागतात, कधी त्याहून जास्त. तेवढा वेळ पिल्लं एकमेकांवर रचून झोपलेली असतात. पोट भरलेलं आणि अंग गरम असेल तर ती आवाजही करत नाहीत. त्यात तुम्ही शेजारीच उभे असाल तर ती पत्र्यावर बसून तुमच्याकडे बघत राहील, पण खाली उतरणार नाही. पिल्लांची जागा दाखवून द्यायची नाही, हे तिला पक्कं ठाऊक असतं. तिला आत यायचं असतं आणि वाटेत आपण उभे असतो. मग माणसाला वाटतं, आईचा पत्ता नाही, आणि खोका शोधायची धावपळ सुरू होते.

म्हणून मी सांगते की लांब जा. गॅलरीतून बघा, जिन्याच्या वरच्या टप्प्यावरून बघा. थांबायला वेळ नसेल तर पिल्लांच्या भोवती कणकेची पातळ रेघ ओढा आणि कामाला जा. संध्याकाळी रेघेवर पावलं उमटली असतील तर आई येऊन पाजून गेली. पिल्लांकडे नीट बघितलं तरी बरंच कळतं. पोट गोल, अंग कोरडं आणि स्वच्छ, हात लावला की गरम लागतं, तर त्यांचं बरं चाललं आहे. पोट आत गेलेलं, अंग शी-शूने माखलेलं, मुंग्या लागलेल्या आणि किंचाळून किंचाळून आवाज बसलेला, तर मात्र उशीर करू नका.

माझी आजी म्हणायची, मांजरी पिल्लांना सात घरं दाखवते. सातच कशी, हे मी तिला कधी विचारलं नाही. पण मांजरी जागा बदलते हे अगदी खरं. एका जागी वास साचतो, मुंग्या येतात, बोका हुंगत फिरायला लागतो, कुणीतरी टॉर्च मारून बघून जातं. की ती मानेची कातडी दातांत धरून एकेक पिल्लू हलवायला घेते. मानेला धरलं की पिल्लू आपोआप पाय पोटाशी घेऊन निपचित लटकतं, त्यामुळे तिला ते नेता येतं. पण तिला एका खेपेला एकच नेता येतं. जिन्यात एकटं सापडलेलं पिल्लू पुष्कळदा या दोन खेपांच्या मधलं असतं. ते कुणी उचलून आणलं तर आई तिसऱ्या माळ्यावर बाकीच्यांना ठेवून परत येते, आणि जागा रिकामी.

माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही, असंही सर्रास म्हणतात. तसं नसतं. मी हात लावलेली कितीतरी पिल्लं त्यांच्या आयांनी चाटून-पुसून परत घेतली आहेत. त्यामुळे खोका आला आणि पिल्लं धडधाकट दिसली की मी तोच खोका आडवा करून देते आणि सांगते, जिथून उचलली तिथेच ठेवून या, ऊन-पाऊस लागणार नाही असं बघा. लोक रागावतात. एवढ्या लांबून आणलं आणि तुम्ही हाकलता, असं म्हणतात. मी दवाखान्याचा नंबर देते आणि रात्रीपर्यंत आई आली नाही तर मी स्वतः येईन म्हणून सांगते. बहुतेकांचा फोन येतो तो आई आल्याचा.

यंदा आषाढात लालबागच्या एका चाळीतून गणेशोत्सव मंडळाच्या पोरांचा निरोप आला. मंडपाचे वासे, प्लायवूड, ताडपत्र्या वर्षभर जिन्याखालच्या जागेत ठेवलेल्या असतात. मांजरींना याहून चांगली जागा कुठली? सामान बाहेर काढायला घेतलं आणि दोन फळ्यांच्या मध्ये चार पिल्लं निघाली. डोळे नुकतेच किलकिले झालेले, म्हणजे आठ-दहा दिवसांची. आई काळी-पांढरी, समोरच्या पाण्याच्या टाकीवर बसून घशातून गुरगुरत होती. पोरांना पिल्लं दवाखान्यात द्यायची होती. सुतार दुसऱ्या दिवशी येणार होता, ती तारीख काही पुढे जाणार नव्हती.

मी म्हटलं, पिल्लांना हात लावू नका, ती ज्या फळीवर आहेत ती फळीच हलवू या. फळी दोन हात सरकवायची, वर ताडपत्रीचा आडोसा करायचा आणि सगळ्यांनी दूर व्हायचं. आई उतरते, हुंगते, पाजते. ती परत टाकीवर गेली की आणखी दोन हात. सकाळी सुरू झालेलं हे काम संध्याकाळपर्यंत चाललं. एवढ्या वेळात मंडळाच्या पोरांनी अर्धा मंडप उभा केला असता, पण कुणी कुरकुर केली नाही. चौकाच्या या टोकाची फळी त्या टोकाला, बंद गाळ्याच्या पायरीखाली गेली आणि आईही तिच्यामागे गेली. पोरांनी तिथे खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'येथे सामान ठेवू नये'. सुतार वेळेवर आला. पिल्लं आईपाशीच वाढली.

असं झालं की माझ्या दृष्टीने दिवस सार्थकी लागतो. जे काम मांजरी चोवीस तास करते ते माणसाने हातात घ्यायचं तर काय लागतं, हे मी दर वर्षी करून बघते. म्हणूनच मी इतक्या कळकळीने लोकांना परत पाठवते.

कारण काही खोके परत पाठवता येत नाहीत. आई गाडीखाली गेलेली असते, कुत्र्यांनी मारलेली असते, उंदरांसाठी ठेवलेलं विष पोटात गेलेला उंदीर तिने खाल्लेला असतो. किंवा कुणीतरी पिल्लं गोणीत भरून कुठल्या तरी कोपऱ्यावर ठेवून गेलेलं असतं आणि आई कुठली, कुठे असेल, काहीच कळायला मार्ग नसतो. ही पिल्लं माझ्याबरोबर घरी येतात.

घरी आणल्यावर पहिली गोष्ट म्हणजे ऊब. दूध नाही. पिल्लू भुकेने तोंड उघडत असतं, आपला जीव तुटतो, आणि त्याच वेळी हात आवरावा लागतो. पहिले तीन-चार आठवडे पिल्लाला स्वतःचं अंग स्वतः गरम ठेवता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याचं तापमान ३५ ते ३६ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, मोठ्या मांजराचं ३८-३९. पिल्लाचं ३५ च्या खाली गेलं की आतडी काम थांबवतात. अशा गार पिल्लाला पाजलेलं दूध पोटात तसंच राहून नासतं, नाहीतर उलटून फुप्फुसात जातं. दवाखान्यात येणाऱ्या कितीतरी पिल्लांना कुणीतरी मायेने दूध पाजून आणलेलं असतं आणि आम्हाला फार काही करता येत नाही.

मुंबईच्या मे महिन्यात पिल्लाला थंडी वाजते, हे लोकांना पटत नाही. पण लादीवर ठेवलेलं आणि वर पंखा सोडलेला असला की शंभर ग्रॅमचा जीव तासाभरात गार पडतो. पहिल्या आठवड्यात त्याच्या आजूबाजूची हवा तीस अंशांच्या वर लागते. मी मोज्यात कोरडे तांदूळ भरून गरम करते, नाहीतर गरम पाण्याची बाटली सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळते, आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवते. दुसरी बाजू मोकळी. जास्त गरम झालं तर त्याला सरपटत बाजूला जाता आलं पाहिजे. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नखं अडकतात. अगदी गार पडलेल्या पिल्लाला मी पदराच्या आत, गळ्यापाशी धरून बसते. तासभर तरी. घाईने तापवलेलंही त्याला सोसत नाही.

मग दूध. गाईचं नाही, म्हशीचं तर नाहीच. मांजरीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त प्रथिनं असतात. गाईच्या दुधात लॅक्टोज जास्त, त्याने पिल्लांना जुलाब होतात, आणि एवढ्याशा अंगातलं पाणी एका दिवसात संपतं. मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर महाग आहे. डबा संपत आला की मलाही धाकधूक होते. पण त्याला पर्याय नाही. आमच्या डॉक्टर मॅडम हे प्रत्येकाला शांतपणे सांगतात आणि कुणाला परवडत नसेल तर दवाखान्यातला उघडलेला डबा पुढे करतात.

पाजायची पद्धतही शिकवावी लागते. माणसाच्या बाळाला धरतात तसं लोक पिल्लाला उताणं धरतात. तसं पाजलं तर दूध श्वासनलिकेत जातं. पिल्लू पोटावर, आईला लुचताना असतं तसं, मान जरा वर. निपल लावलेली बाटली उलटी धरली तर दूध थेंब-थेंब पडलं पाहिजे, धार नको. सिरिंज असेल तर दट्ट्या दाबून दूध ढकलायचं नाही, त्याच्या चोखण्याच्या वेगाने जाऊ द्यायचं. शंभर ग्रॅमच्या पिल्लाच्या पोटात एका वेळी चार मिलिलिटरच्या आसपास मावतं, म्हणजे एक चमचासुद्धा नाही. म्हणूनच पहिल्या आठवड्यात दर दोन तासांनी पाजायचं, रात्रीसुद्धा.

आणि पाजून झालं की काम संपत नाही. पहिले तीन आठवडे पिल्लाला आपली आपण शी-शू होत नाही. आई चाटते तेव्हा होते. आपण कोमट पाण्यात बुडवलेला कापूस हलक्या हाताने फिरवायचा. लोकांना हे माहीत नसतं. दूध व्यवस्थित पीत होतं आणि पोट फुगून गेलं, असं सांगत येतात. त्यांना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. कुणी सांगितलेलंच नसतं त्यांना.

स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा वजनकाटा हे माझं सगळ्यात विश्वासाचं साधन. जन्मताना पिल्लू साधारण शंभर ग्रॅमचं. रोज दहा ग्रॅम किंवा जास्त वाढ. पहिल्या दहा-बारा दिवसांत वजन दुप्पट होतं, महिन्याचं होईपर्यंत चारशे ग्रॅमच्या आसपास. डोळ्यांनी पिल्लू ठीक वाटत असतं आणि काटा सांगतो की कालपासून वाढ नाही. तेव्हाच हालचाल केली तर वेळ मिळतो. माझ्या वहीत दर पिल्लाला एक पान असतं, त्यावर वजन, किती प्यायलं, शी कशी झाली. नावं मी ठेवत नाही, रंगावरून ओळख: तांबडं, तिरंगी, पाठीवर ठिपका.

आमचं घर म्हणजे चाळीतली एक खोली आणि मोरी. खोका कपाटाशेजारी, वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात. पहिल्या खेपेला सासूबाईंनी बजावलं होतं, मांजराचा केस पोटात गेला तर दमा होतो, भांड्यांपाशी आणायचं नाही. मी काही बोलले नाही, भांड्यांपासून लांब ठेवत गेले. त्यांना पहाटे चारला जाग येते. एकदा मला गजर ऐकू आला नाही आणि डोळे उघडले तर त्या दिव्याखाली पाट घेऊन बसलेल्या, मांडीवर फडकं, फडक्यावर पिल्लू पोटावर आडवं, मान वर. मी रोज कशी पाजते ते त्यांनी गुपचूप बघून ठेवलं होतं. "तू झोप," म्हणाल्या, "तुला ड्युटी आहे." तेव्हापासून पहाटेचं दूध त्यांच्याकडे. त्या काय बोलतात पिल्लांशी ते मी झोपेचं सोंग घेऊन ऐकते.

इतकं करूनही पिल्लं जातात. पहिल्या दोन आठवड्यांत तर हमखास काही जातातच. जन्मल्यावर पहिल्या दिवसात आईचं चिकाचं दूध मिळालं नसेल तर रोगाशी लढायला अंगात काहीच नसतं. सकाळी पिणारं पिल्लू दुपारी चोखणं सोडतं, बाकीच्यांपासून वेगळं पडून राहतं, अंग सैल पडतं, श्वास तोंडाने. मग ऊब वाढवायची, हिरड्यांना ग्लुकोजचं पाणी लावायचं, मॅडमना फोन करायचा. कधी परत फिरतं. फिरलं नाही तर मी त्याला गळ्यापाशी धरून बसते. एकटं पडून जाण्यापेक्षा ते बरं. काही जण म्हणतात, निसर्गाचं आहे, एवढं काय त्यात. माझ्या हातात ते हलकं होत जातं तेव्हा मला त्यात निसर्ग वगैरे काही दिसत नाही. त्या पिल्लाचं पान मी फाडत नाही. शेवटचं वजन लिहिते आणि उरलेल्यांच्या दुधाची वेळ झालेली असते.

यापेक्षा कितीतरी चांगला मार्ग आहे, आणि तो मिळाला की मी आधी तो धरते. पाजणारी दुसरी मांजरी शोधायची. मांजरी पुष्कळदा दुसरीची पिल्लं घेतात. शिवडीच्या बाजूला मासे विकणाऱ्या एका मावशींच्या गाळ्यामागे एक करडी मांजरी दोन पिल्लांना पाजत होती. माझ्याकडे त्याच वयाची तीन होती, पण आधी डॉक्टरांकडून तपासून घेतली, कारण आपण मदत करायला जाऊन तिच्या पिल्लांना आजार द्यायचा नाही. तिच्या अंथरुणाचं फडकं मावशींनी आणून दिलं. ते पिल्लांच्या अंगावर चोळलं आणि ती बाहेर गेलेली असताना तिच्या पिल्लांत मिसळून ठेवली. ती आली, हुंगली, थबकली. एका पिल्लाला पंजाने जवळ ओढून चाटायला लागली, आणि मग पाचांनाही घेऊन आडवी झाली. मावशींनी डोळ्याला पदर लावला. म्हणाल्या, "माझ्या जावेचं पोर मी असंच पाजलं होतं गं, ती आजारी होती तेव्हा." त्या रात्री मी घरी जाऊन गजर न लावता झोपले.

आजारांचं थोडक्यात सांगते. सगळ्यात वाईट पॅनल्युकोपेनिया, मांजरांचा पार्व्हो. उलट्या, जुलाब, आणि दोन दिवसांत अख्खं वेत संपतं. त्याचा विषाणू घरात वर्षभरही टिकू शकतो, ब्लीचच्या पाण्याने जातो. म्हणून ज्या घरात तसं पिल्लू गेलं असेल तिथे लस न घेतलेलं दुसरं लगेच नेऊ नका. लस सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू होते. डोळे चिकटले तर कोमट पाण्याच्या कापसाने पुसा आणि दवाखान्यात आणा. हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील तर पिसवांनी रक्त शोषलेलं असू शकतं, पण कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला लावू नका, त्यातलं परमेथ्रिन मांजरांसाठी विष आहे. तापावरची आपली पॅरासिटामोलची गोळीही विषच, पाव तुकडासुद्धा नाही. फिनाइलने पुसलेल्या लादीवर पिल्लं सोडू नका, ती पाय चाटतात. आणि चावलं-ओरखडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी रुग्णालयात जा. पिल्लू एवढंसं आहे म्हणून दुर्लक्ष करणाऱ्यांना मी हे दोनदा सांगते.

आमच्या आवाक्याबाहेरची केस असली तर जवळच बैलघोडा हॉस्पिटल आहे. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं ते रुग्णालय एकोणिसाव्या शतकातलं, शहराच्या गाड्या बैल आणि घोडे ओढायचे तेव्हाचं. परळच्या टॅक्सीवाल्यांना अजूनही बैलघोडा म्हटलं की पुरतं.

तिसऱ्या आठवड्यानंतर घरात उजेड येतो. कान उभे राहिलेले असतात, निळे डोळे आपल्यामागे फिरतात, पहिले दात टोचतात. चौथ्या आठवड्यात दुधात कालवलेलं उकडलेलं चिकन बोटावर द्यायला लागते. उकडून काटे काढलेली मासळी चालते. मीठ नाही, हळद-कांदा-लसूण काही नाही, सुकट नाही. काही घरांत मांजराला फक्त दूध-चपाती घालतात. त्या घरांच्या आचाराविचाराचा मला आदर आहे, पण मांजर मांसाशिवाय जगत नाही. टॉरिन नावाचा घटक त्याला मांस-मासळीतूनच मिळतो. तो कमी पडला की मांजर आंधळं होतं हे १९७० च्या दशकात कळलं, आणि हृदयही निकामी होतं हे १९८७ मध्ये. आपल्या स्वयंपाकघरात ते शिजवायचं नसेल तर मांजराचं तयार खाणं आणा.

याच दिवसांत, दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात, पिल्लू माणसाला आपलं मानायला शिकतं. ते वय निघून गेलं तर पुढे ते कायम बिचकून राहतं. म्हणून बाहेरच आईपाशी वाढणाऱ्या पिल्लांकडेही मी या काळात रोज जाते, हातावरून खाऊ घालते, मांडीवर घेते. घर मिळायचं असेल तर हे लागतंच. घर देताना मी आधी खिडक्या बघते. ग्रिल आहे म्हणतात, पण ग्रिलच्या गजांमधून पिल्लू सहज जातं. कबुतरांसाठी लावतात तशी जाळी हवी. दोन पिल्लं एकत्र देता आली तर फार बरं, ती एकमेकांना सांभाळतात. पांढऱ्याला आणि तांबड्याला लगेच घर मिळतं. काळं मागे राहतं, कारण आडवं जाणाऱ्या मांजराची भीती अजून आहे. माझ्याकडचं काळं पिल्लू सगळ्यात लाघवी असतं, असं मी दर वेळी सांगते, आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं.

मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, असं आपल्याकडे म्हणतात. त्या भीतीने मांजरं वाचलीही असतील. पण त्याच भीतीने लोक पिल्लं मारत नाहीत, गोणीत घालून मासळी बाजारात सोडतात, आणि तिथे मासळी आहे म्हणजे ती जगतील अशी समजूत करून घेतात. डोळे न उघडलेलं पिल्लू मासळी कशी खाणार? बाजारातल्या बोक्यांपुढे आणि हातगाड्यांच्या चाकांपुढे ते एक रात्र टिकत नाही. १९६० च्या प्राणी छळ प्रतिबंधक कायद्यानेही जनावराचे उपासमारीने हाल होतील अशा अवस्थेत त्याला टाकून देणं गुन्हा आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींना मी कायदा नंतर सांगते. आधी विचारते, या पिल्लांना नेलंत तर पुढच्या वेताचं काय करणार आहात?

कारण मूळ काम तिथे आहे. मांजरीचे दिवस नऊ आठवड्यांत भरतात, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. वेतातली वाढलेली मादी चार-पाच महिन्यांत स्वतः माजावर येते. पिल्लं उचलून नेणाऱ्याला वाटतं प्रश्न सुटला, पण दूध आटलेली आई उलट लवकर माजावर येते. म्हणून पिल्लं आठ आठवड्यांची होऊन आपली आपण खायला लागली की आईची नसबंदी. अंगावर दूध असेल तर मॅडम पोटाऐवजी कुशीतून छेद घेतात, म्हणजे स्तनांना धक्का लागत नाही. बेशुद्धीतच कानाचं टोक कापतात, पुढे कुणी तिला पुन्हा पकडू नये म्हणून. वस्तीत तिरंगी मांजर दिसलं तर मी विचारतच नाही, ती जवळजवळ नेहमी मादीच असते, कारण तांबड्या रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. तो नेमका कुठला, हे जपान आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२५ मध्ये शोधून काढलं. ते वाचून मला फार आनंद झाला होता. इतकी वर्षं आम्ही रंग बघून पिंजरा लावत आलो होतो.

शिवडीच्या त्या करड्या मांजरीची पाचही पिल्लं आता आठ आठवड्यांची झाली आहेत. दोघांची घरं ठरली, एकाच्या खिडकीला अजून जाळी बसायची आहे, दोन काळी आहेत आणि त्यांच्यासाठी मी विचारत फिरते आहे. आईसाठी मॅडमनी सोमवारची वेळ ठेवली आहे. पिंजऱ्यात यायला ती उपाशी हवी, म्हणून मावशींना रविवारी रात्री काही घालू नका म्हणून सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "नाही घालणार. पण पहाटे लवकर ये. ती माझ्या तोंडाकडे बघत बसली तर मला राहवायचं नाही." पहाटे पाचला पिंजरा लावायचा, आत भाजलेला बांगडा, वर झाकायला जाड चादर. सासूबाईंनी चादर धुवून ठेवली आहे.